बालेकिल्ल्याचा दरवाजा
राजगड ज्यांनीं पायांखालीं घातला आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, गडावर चढून जाणें आणि बालेकिल्ल्यांत शिरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्यांवर माणसांची जा-ये चाले. तेथें एखादा घातकी मनुष्य शिरला तरी तेवढ्यानें गड जात नसे. बालेकिल्ल्याची गोष्ट वेगळी. त्याचा दरवाजा कोणीं, कोणाच्या हुकुमानें आणि कोणत्या वेळीं उघडावा हा प्रश्न जिवाचा; कारण एकदां आंत गेलेल्यास अडविणारी दुसरी भिंत पुढें नाहीं. संगणकाच्या पोटांतही अशीच माची आणि असाच बालेकिल्ला असतो, आणि त्याच्या दरवाजाला तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. लढायांच्या बखरींइतका तो रोमहर्षक नसेल. परंतु बँकेंतील ठेवी, रेल्वेचें आरक्षण आणि मुलांच्या परीक्षांचे निकाल ज्या यंत्रांच्या स्वाधीन झाले आहेत, त्यांच्या आंत कोणास शिरूं द्यावें हें ठरविणारांची ही हकीकत असल्यामुळें ती आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम थोडी परिभाषा. संगणकांत एकाच वेळीं अनेक आज्ञावली चालतात, आणि त्या सर्वांवर एक कारभारी असतो. स्मृतीचें वांटप, तबकडीवरील लेखनवाचन, जाळ्यांतून होणारी देवघेव, कोणत्या आज्ञावलीनें किती वेळ चालावें याचा निवाडा हीं सर्व कामें त्याच्याकडे. या कारभाऱ्यास त्या विद्येंत कर्नल म्हणतात. आपण त्यास गाभा म्हणूं. प्रोसेसर हा यंत्राचा मेंदू मुळांतच दोन पायऱ्यांवर काम करतो. गाभ्याची आज्ञा तो पूर्ण अधिकारानें पाळतो. इतर आज्ञावलींना आंखून दिलेल्या मर्यादेंत वावरूं देतो. पत्रलेखनाची आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते. गाभ्यांत तेवढीच चूक झाली तर सारें यंत्र जागच्या जागीं थांबतें, आणि चूक जर कोणीं बुद्ध्या पेरलेली असेल तर यंत्राच्या धन्याला न कळत यंत्र दुसऱ्याचें होतें.

१९९१ च्या ऑगस्टच्या २५ तारखेस हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण छंद म्हणून एक नवी कार्यप्रणाली रचीत असल्याचें जाहीर केलें. तिलाच पुढें लिनक्स हें नांव पडलें. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं १९८७ सालीं विद्यार्थ्यांस शिकविण्याकरितां मिनिक्स नांवाची लहानशी प्रणाली लिहिली होती, आणि टोरवाल्ड्सचा हात तिच्यावरच बसला होता. १९९२ च्या जानेवारींत या गुरुतुल्य प्राध्यापकांनीं लिनक्सवर टीकास्त्र सोडलें. त्यांचें म्हणणें असें कीं, गाभा शक्य तितका लहान असावा; अत्यावश्यक तेवढेंच त्यांत ठेवावें, आणि तबकडी, पडदा, जाळें यांशीं व्यवहार करणाऱ्या आज्ञावली, ज्यांस ड्रायव्हर म्हणतात, त्या बाहेर माचीवर आपापल्या खोल्यांत बसवाव्या. टोरवाल्ड्सनें तें सारें एका भिंतीआड, एका अखंड गाभ्यांत बांधलें होतें. प्राध्यापकांच्या दृष्टीनें हें सत्तरच्या दशकाकडे उलट पाऊल होतें. टोरवाल्ड्सचें उत्तर ऐन तारुण्याला शोभेल असें तिखट होतें, आणि त्या तिखटपणाबद्दल त्यानें लागलीच दिलगिरीही दर्शविली. सिद्धांतापुरतें त्यानें प्राध्यापकांचें मत मान्यच केलें होतें. त्याचा मुद्दा व्यवहाराचा होता, आणि व्यवहारांत त्याची प्रणाली चालत होती.

या वादांत कोण जिंकलें हें विचारणें फारसें फलदायी नाहीं. बाजार लिनक्सनें जिंकला हें उघड आहे. परंतु त्या विजयासाठीं काढलेलें कर्ज गाभ्यावर चढलें, आणि पुढील हकीकत म्हणजे तें कर्ज हप्त्याहप्त्यानें फेडण्याची हकीकत होय.

पहिला हप्ता लौकरच आला. अखंड गाभा म्हणजे त्यांत जगांतील यच्चयावत् यंत्रभागांचे ड्रायव्हर हवेत. आणि त्या काळच्या घरगुती संगणकाची स्मृति ती किती! ज्याच्याकडे ध्वनीचें कार्ड नाहीं त्यानें त्याचा ड्रायव्हर उगाच कां वागवावा? म्हणून ज्याला त्याला आपापल्या यंत्राजोगा गाभा मूळ लेखनापासून पुन्हां घडवून घ्यावा लागे, आणि एखादें नवें कार्ड बसविलें कीं पुन्हां तोच खटाटोप. यावर तोड निघाली ती जोडखंडांची, म्हणजे मॉड्यूलांची. १९९५ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झालेल्या १.२ आवृत्तींत ही सोय होती. गाभा लहान ठेवावयाचा, ड्रायव्हर निराळ्या फायलींत ठेवावयाचे, आणि गरज पडेल तेव्हां यंत्र चालू असतांनाच हवा तो खंड गाभ्यांत जोडावयाचा; काम संपलें कीं काढून घ्यावयाचा. मॉड्यूल मागविण्याचें कामही पुढें गाभाच आपण होऊन करूं लागला. वापरणाऱ्यानें यंत्रांत कांहीं खुपसावें आणि गाभ्यानें त्याचा ड्रायव्हर मुकाट्यानें शोधून आणावा, ही आज आपल्या अंगवळणीं पडलेली सुखसोय त्यांतूनच आली.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, नाहीं तर पुढील सारा इतिहास निरर्थक वाटेल. मॉड्यूल हा गाभ्याचा पाहुणा नव्हे. एकदां जोडलें गेल्यावर त्याच्यांत आणि गाभ्यांत कसलाही पडदा राहत नाहीं. गाभ्याची सारी स्मृति त्याला दिसते, सारे अधिकार त्याचे होतात. टॅनेनबॉमांच्या कल्पनेंतील ड्रायव्हर माचीवर राहणारा नोकर होता; लिनक्सचें मॉड्यूल दरवाजांतून आंत आलें कीं तें बालेकिल्ल्याच्या भिंतीचाच दगड बनतें. शिवाय तें नेमकें त्याच गाभ्यासाठीं घडविलेलें असावें लागतें. एका आवृत्तीच्या गाभ्यासाठीं केलेलें मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीचा गाभा सामान्यतः स्वीकारीत नाहीं.

जेथें दरवाजा आहे तेथें चोराचें लक्ष जाणारच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घुसखोरांच्या मंडळींत मॉड्यूलाच्या रूपानें गाभ्यांत शिरण्याची विद्या बोकाळली. असें मॉड्यूल आंत गेलें म्हणजे तें आपल्या फायली सूचींतून वगळी, आपल्या आज्ञावली लपवी, आणि शेवटीं मॉड्यूलांच्या यादींतून स्वतःचेंही नांव खोडी. पहारेकरीच चोरांना सामील झाल्यावर गस्त घालून काय उपयोग? यावर उपाय एकामागून एक आले. त्यांची सबंध जंत्री येथें देत नाहीं. १९९९ च्या २.२ आवृत्तींत सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारांचे तुकडे पाडण्यांत आले व मॉड्यूल जोडण्याचा अधिकार हा एक स्वतंत्र तुकडा झाला. २००१ सालीं गाभा मॉड्यूलाचा परवाना विचारूं लागला, आणि मुक्त परवान्यावांचून आलेलें मॉड्यूल जोडलें तर आपण ‘विटाळलों’ अशी नोंद करून ठेवूं लागला. (सोवळ्याओवळ्याची ही कल्पना फिनलंडांत जन्मलेल्या प्रणालींत पाहून आपल्याकडील वाचकांस हंसूं येईल, पण विटाळलेल्या गाभ्याची तक्रार त्याचे कर्ते खरोखरच हातीं घेण्यास नाखूष असतात.) २००३ च्या डिसेंबरांतील २.६ आवृत्तीसाठीं रस्टी रसेल यांनीं मॉड्यूल जोडण्याची सारी यंत्रणा नव्यानें लिहिली. २०१२ च्या डिसेंबरांत ३.७ आवृत्तीबरोबर मॉड्यूलांवर सही-शिक्का मारण्याची व तो पडताळून पाहण्याची सोय झाली. आणि २०१९ च्या नोव्हेंबरांत, सुमारें सात वर्षांच्या वादावादीनंतर, सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही गाभ्यांत ढवळाढवळ करूं न देणारी ‘लॉकडाऊन’ ही व्यवस्था ५.४ आवृत्तींत शिरली.

इतका बंदोबस्त होऊनही एक कडा उघडाच राहिला. गाभा मॉड्यूल आपण होऊन मागवितो असें वर सांगितलें. पण गाभ्यास तशी गरज भासविणारा कोण? अगदीं साधा वापरकर्तासुद्धां. एखाद्या आडवळणाच्या पद्धतीनें जाळ्यांतून बोलावयाचें आहे, एवढें त्यानें गाभ्यास सांगितलें, कीं गाभा त्या पद्धतीचें मॉड्यूल आणून जोडीत असे. मॉड्यूल अस्सल, सही-शिक्क्याचें. परंतु वर्षानुवर्षें कोणी न वापरलेलें, आणि म्हणून कोणीं न तपासलेलें. २०१७ च्या फेब्रुवारींत डीसीसीपी नांवाच्या अशाच एका पद्धतीच्या मॉड्यूलांत एक चूक उघडकीस आली. ती २००५ पासून तेथें होती, आणि तिच्या आधारें सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकारी होतां येत होतें. हिरकणीच्या आख्यायिकेंत दरवाजा बंद असतां ती बाई जेथून कोणी उतरूं शकणार नाहीं असें मानलें जाई त्याच कड्यावरून उतरून गेली, आणि मग तेथें बुरूज बांधला गेला. आमच्या या गडावरही बुरूज नेहमीं नंतरच बांधले गेले आहेत. पुष्कळ वितरणांनीं असल्या दुर्मिळ मॉड्यूलांची एक काळी यादी केली व तीं आपोआप जोडलीं जाण्याचें बंद केलें.

आतां दुसऱ्या प्रवाहाकडे वळलें पाहिजे, कारण आमचा खरा विषय या दोहोंच्या संगमावर आहे. पहिला प्रवाह गाभ्याच्या दरवाजाचा. दुसरा, आज्ञावलींभोवती भिंती घालण्याचा. याची गंगोत्री १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत सांपडते. तेथें आज्ञावलीला सबंध तबकडीऐवजीं तिची एकच शाखा दाखविण्याची सोय होती. २००० सालीं फ्रीबीएसडीनें त्या कल्पनेवर पक्का तुरुंग उभारला व त्यास नांवही तुरुंग असेंच दिलें. लिनक्सनें हें काम तुकड्यातुकड्यांनीं केलें: २००२ पासून निरनिराळ्या आज्ञावलींस निरनिराळें जग दाखविणारे नामावकाश, २००५ पासून आज्ञावलीनें गाभ्यास काय विचारावें यावर गाळणी, २०१० पासून ॲपआर्मर हा पहारेकरी.

या भिंतींची गरज कां वाटली तें समजण्यासाठीं जुन्या रीतीकडे पाहावें. डेबियनसारख्या वितरणांत आज्ञावली पॅकेज म्हणून येते, आणि बसवितांना पॅकेजच्या पोटांतील लहान आज्ञापत्रें सर्वाधिकाऱ्याच्या हक्कानें चालविलीं जातात. पॅकेज तयार करणारा मनुष्य आपल्याच मंडळींतला, पारखलेला, म्हणून हा विश्वास. एकत्र कुटुंबांत कपाटाला कुलूप नसतें तसें हें होतें. पण जेव्हां कोणीही परका कारागीर आपलें पॅकेज थेट लोकांच्या यंत्रांवर पोहोंचवूं लागला, तेव्हां कुलपें आलीं. कॅनॉनिकल या संस्थेनें २०१४ च्या डिसेंबरांत या नव्या धर्तीची प्रणाली जाहीर केली, आणि २०१६ च्या एप्रिलांतील उबुंटू १६.०४ बरोबर ‘स्नॅप’ नांवाचीं बंदिस्त पॅकेजें सामान्य वापरकर्त्यांपर्यंत आलीं. त्याच सुमारास दुसऱ्या गोटांतून फ्लॅटपॅक पुढें आलें.

स्नॅप म्हणजे एक मोहोरबंद पेटी. तिच्यांतील कांहीं बदलतां येत नाहीं, आणि पेटींतील आज्ञावलीला बाहेरचें कांहीं हवें असेल (कॅमेरा, जाळें, घरची फाइल) तर पेटीच्या जाहीरनाम्यांत तशी मागणी नोंदवावी लागते. यंत्रावर स्नॅपडी नांवाचा एक दप्तरदार बसलेला असतो; तो मागणी पाहून खिडकी उघडतो किंवा उघडीत नाहीं. किरकोळ मागण्या तो आपोआप मान्य करतो; मोठ्या मागण्यांना पेठेच्या तपासनीसांची संमति किंवा यंत्राच्या धन्याचा हात लागतो. या भिंती आरंभीं वाटल्या तितक्या भक्कम नव्हत्या. १६.०४ प्रसिद्ध होतांच मॅथ्यू गॅरेट यांनीं दाखवून दिलें कीं, पडद्यावर चित्रें काढण्याची जी जुनी एक्स-११ व्यवस्था होती तिच्यांत शेजाऱ्याचें टंकलेखन चोरून ऐकण्यास कसलीच आडकाठी नाहीं, मग पेटी कितीही बंद असो. आणि ज्या वितरणांत ॲपआर्मर नाहीं तेथें स्नॅपचा बंदिस्तपणा अपुराच राहतो.

आतां कल्पना करा कीं, अशा पेटींतील एका आज्ञावलीला गाभ्याचेंच मॉड्यूल हवें आहे. हें कांहीं विलक्षण नाहीं. टेलिफोनच्या तारेवरून किंवा मोडेमवरून जोडणी करणाऱ्या आज्ञावलीला पीपीपीचें मॉड्यूल लागतें. अग्निभिंत सांभाळणारीला गाळणीचें. एका यंत्रांत दहा यंत्रांचा भास निर्माण करणारीला आणखी कशाचें. मॉड्यूल पेटींत घालून पाठवावें तर तें नेमक्या गाभ्याला बेतलेलें हवें, आणि पेटी तर हजार प्रकारच्या यंत्रांवर जाणार. म्हणजे यंत्रावर आधींच असलेलें मॉड्यूलच जोडून घेणें प्राप्त. पण ज्याला बंद पेटींत ठेवलें त्याच्या हातीं बालेकिल्ल्याची किल्ली द्यावयाची, तर पेटी कशाला बांधली?

स्नॅपनें प्रथम जें उत्तर दिलें त्यांत ही विसंगति जशीच्या तशी होती. एक मागणी अशी आहे कीं, ती मान्य झाली म्हणजे पेटींतील आज्ञावलीस मॉड्यूल जोडण्याचा व काढण्याचा पुरा अधिकार मिळतो. नांवाला ती बंदिस्त. परंतु ती वाटेल तें मॉड्यूल जोडूं शकत असेल तर तिच्याभोवतींच्या भिंती कागदाच्या समजाव्या. दप्तरदाराच्या मालकांनाही हें ठाऊक होतें, म्हणूनच ही मागणी अतिविशेष वर्गांत घातली गेली आणि ती मान्य करणें दुर्मिळ ठेवलें गेलें.

नंतर आलेली दुसरी तोड आम्हांस अधिक विचाराची वाटते. तिच्यांत मागणें आणि उघडणें हीं दोन कामें दोन निराळ्या हातांत दिलीं आहेत. पॅकेजचा कर्ता जाहीरनाम्यांत मॉड्यूलाचें नांव लिहितो, आणि सोबत त्याला द्यावयाच्या सूचनाही. हें स्वतः दरवाजाशीं जाणें नव्हे, अर्ज आहे. पेठेचे तपासनीस तो अर्ज वाचतात. संमति मिळाल्यावर यंत्रावरील दप्तरदार त्या नांवाची ओळ यंत्राच्या स्वतःच्या वहींत लिहून ठेवतो, आणि पुढच्या वेळीं यंत्र सुरू होतांना यंत्राचाच नोकर ती वही वाचून मॉड्यूल जोडतो. पेटींतील आज्ञावली दरवाजाजवळ येतच नाहीं. यंत्र चालू असतांनाच मॉड्यूल हवें असेल तर तशीही एक पोटसोय आहे, पण तेथेंही अर्जांत नोंदलेलेंच नांव दप्तरदाराकडे सांगावें लागतें. सर्वांत कौतुकाची गोष्ट अशी कीं, ‘हें मॉड्यूल जोडूंच नये’ असाही अर्ज करतां येतो. आजवरच्या साऱ्या इतिहासांत आंत येऊं द्या म्हणणारेच फार. अमक्याला येऊं देऊं नका म्हणण्याचा हक्क बाहेरच्या माणसाला देणें ही नवी गोष्ट आहे.

ही तोड निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अर्ज वाचणारे तपासनीस कोण? एका संस्थेचे. पेठ एकच, आणि तिचा शिक्का तिच्याच हातीं. जुन्या पद्धतींत यंत्राचा धनी सर्वाधिकारी होता, आणि आपल्या अज्ञानाचे परिणाम आपणच भोगीत होता. नव्या पद्धतींत त्याच्या सुरक्षिततेबरोबर त्याचा निर्णयही दूरच्या कचेरींत गेला. जाणता धनी आजही आपल्या हातानें खिडकी उघडूं शकतो हें खरें, परंतु शंभरांतले कितीजण तें करणार? फ्लॅटपॅकनें हा पेंच सोडविला नाहीं, टाळला: तेथें मॉड्यूल जोडण्याची परवानगी मागण्याची वाटच ठेवलेली नाहीं. घरगुती मेजावरच्या आज्ञावलींपुरतें तें शहाणपणाचें आहे. ज्याला जाळीं आणि यंत्रागारें सांभाळावयाचीं आहेत त्याला त्याचा उपयोग नाहीं.

हा सारा खल कशासाठीं, असें कोणास वाटेल तर त्यानें २०२४ च्या जुलैची १९ तारीख आठवावी. तो प्रसंग लिनक्सचा नव्हे, विंडोजचा. तरी दरवाजा त्याच जातीचा. क्राउडस्ट्राइक या संरक्षक आज्ञावलीचा एक भाग विंडोजच्या गाभ्यांत बसतो. त्या दिवशीं त्याला पाठविलेली माहितीची एक सदोष फाइल वाचतांना तो कोसळला आणि त्याच्यासह सुमारें ८५ लक्ष संगणक कोसळले. विमानें खोळंबलीं, आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. यांत चोर कोणीच नव्हता. आंत गेलेला मनुष्य विश्वासाचा, सही-शिक्क्याचा, संरक्षणासाठींच नेमलेला होता. फक्त तो आंत होता. टॅनेनबॉम यांचें १९९२ चें म्हणणें त्या सकाळीं अनेकांस नव्यानें आठवलें असेल. नियतीचा विनोद असा कीं, त्यांच्या मिनिक्सनेंही एक अज्ञात दिग्विजय केलेला होता: इंटेलच्या असंख्य प्रोसेसरांच्या पोटांतील व्यवस्थापक यंत्रांत मिनिक्सच चालतें असें २०१७ सालीं उघड झालें, आणि प्राध्यापकांस ती वार्ता इतरांबरोबरच कळली.

लिनक्सच्या गाभ्यांत अलीकडे आणखी एक तिसरी वाट निघाली आहे. ईबीपीएफ म्हणून ती ओळखली जाते. तींत बाहेरची लहान आज्ञावली गाभ्यांत घेतांना तिचें प्रत्येक पाऊल आधीं तपासलें जातें. ती थांबेल काय, आंखलेल्या जागेबाहेर हात घालील काय, हें सिद्ध झाल्यावरच तिला चालूं देतात. मॉड्यूलाचें सारें काम तिच्यानें होण्यासारखें नाहीं, आणि तपासनीस आज्ञावलींतही चुका सांपडल्या आहेत. उलट बाजूनें, उबुंटू कोअर या प्रणालींत गाभा स्वतःच स्नॅप बनून येतो, मॉड्यूलें त्याच्याच पेटींत असतात. तेथें एकाच मोहोरेखालीं बालेकिल्ला आणि त्याचे दगड दोन्ही येतात.

ज्यांस एवढ्यावरही भरंवसा नाहीं त्यांच्यासाठीं गाभ्यांत २००९ पासून एक लहानशी खीळ आहे. एका ठराविक फाइलींत १ हा आंकडा लिहिला कीं त्यापुढें कोणतेंही मॉड्यूल जोडतां येत नाहीं आणि काढतांही येत नाहीं. आणि तो आंकडा पुसून पुन्हां ० करण्याचा अधिकार सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही नाहीं. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें तेव्हांच दरवाजा मोकळा होतो. आजच्या बहुतेक वितरणांत यंत्र जागें होतांना वहींतील मॉड्यूलें जोडणारा नोकर आधीं येतो व असल्या खिळा घालणारा त्याच्यामागून येतो. त्यामुळें ज्या स्नॅपचा अर्ज वहींत रीतसर लिहिला गेला आहे त्याचें मॉड्यूल पहांटेच आंत गेलेलें असतें. मग खीळ पडते, आणि दिवसभरांत कोणीं नव्या जातीचें उपकरण आणून खुपसलें तर त्याचा ड्रायव्हर तबकडीवर असूनही उद्यांपर्यंत बाहेरच थांबतो.